कुंकू लागलेली मतं

निकाल फिरला त्या दुपारपासून पद्मिनीला काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही, भूकसुद्धा धड नाही. ताटात पडलेलं ती खायची, कुणी हसलं की हसायची, गाडी चालवायची, कपड्यांच्या घड्या घालायची. तिचा नवरा सुशांत दोनतीनदा म्हणाला, "पद्मे, एकदा मनसोक्त रडून घे ना यार." तिनं प्रामाणिकपणे प्रयत्नही केला. बाथरूमचं दार लावून आरशासमोर उभी राहिली. पण रडू म्हणजे काय नळ आहे, सोडला की आलं? शेवटी चेहरा धुऊन बाहेर आली आणि डिशवॉशर रिकामा करायला लागली.

आता ही बाई मुळातली अशी नव्हती हो. उलट हिला समजावून सांगायचा रोग होता. संक्रांतीला तिळगूळ का देतात, आडनाव कसं उच्चारायचं, 'इंडियन' नावाची भाषा का नसते, असं कुणी नुसतं विचारायचा अवकाश, बाई सुरू! शाळेच्या इंटरनॅशनल नाइटला दरवर्षी हिचा स्टॉल, त्यावर पुरणपोळीचे तुकडे आणि घसा बसेपर्यंत भाषण. ऐकणारे तुकडा तोंडात टाकून माना डोलवायचे आणि पुढच्या स्टॉलवर सटकायचे. हिला त्याचं काही नाही. समोर कुणी उभं असलं की बास.

त्यात देवांग झाला, आणि रोगाला हक्काचं कामच मिळालं. देवांग तिचा एकुलता एक, नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो फार थोडं. दुकानात त्यानं कानांवर हात ठेवून किंचाळायला सुरुवात केली की लोक वळून बघायचे, आणि पद्मिनी एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं सगळ्यांना समजावायची. तो उद्धट नाहीये, त्याला वरच्या दिव्यांचा आवाज ऐकू येतो, आपल्याला येत नाही, त्याला येतो. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, कॅशियरला, नागपूरहून फोन करणाऱ्या नणंदेला, सगळ्यांना तिनं देवांग समजावला होता. दमत नसे. आपण नीट सांगितलं तर माणसं समजून घेतात, हा तिचा पक्का विश्वास होता.

ट्रॉय शहराच्या थोडं वर त्यांचं गाव. गाव कसलं, घरं आणि गवत आणि गाड्या. तिथली लार्चवुड एलिमेंटरी ही देवांगची शाळा. इमारत पार म्हातारी. छत गळायचं, कॉरिडॉरमध्ये पिवळ्या बादल्या ठेवलेल्या, आणि हिवाळ्यात बॉयलर रुसला की पोरं कोट घालून गणितं करायची. दुसऱ्या कुठल्या आईनं नाक मुरडलं असतं. पण कॉरिडॉरच्या टोकाला मिसेस नोवाकची खोली होती, आणि त्या खोलीत देवांग जायचा, आपल्या पायांनी जायचा. पद्मिनीला त्या इमारतीचं सगळं माफ होतं.

ते 'आपल्या पायांनी' फुकट आलं नव्हतं. पहिलं अख्खं वर्ष तो कॉरिडॉरच्या जमिनीवर बसून ओरडायचा. असा की ऑफिसातली बाई डोळे पुसायची. मिसेस नोवाक साठीला आलेली, गुडघे दुखणारी बाई, ती त्याच्याशेजारी फरशीवर बसायची. बोलायची नाही, नुसती बसायची. दुसऱ्या वर्षी तो दारापर्यंत पोचला. तिसऱ्या वर्षी एका सकाळी भिंतीच्या टाइल्सवरून हात फिरवत फिरवत थेट आत गेला, आणि जाताना गुणगुणत होता. शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं एका पट्टीतलं हं हं हं. पद्मिनी त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून इतकी रडली की मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. तेव्हा तिला रडता येत होतं.

आणि या फेब्रुवारीत शाळेच्या बोर्डानं सरळ सांगून टाकलं. लार्चवुडचं छत, बॉयलर, खिडक्या, सगळं नव्यानं करायचं तर बाँड काढावा लागेल. बाँड म्हणजे शाळेनं घ्यायचं कर्ज. ते घ्यायचं की नाही हे गावानं मतदान करून ठरवायचं, आणि हो म्हटलं तर वर्षानुवर्षं घरपट्टीतून फेडायचं. मे महिन्यात मतदान. गाव हो म्हणालं तर दुरुस्ती, नाही म्हणालं तर जूनमध्ये लार्चवुडला कुलूप, आणि पोरांची इतर शाळांत वाटणी.

पद्मिनीनं ते ऐकलं आणि तिला आधी देवांग आठवला. या पोराला पुन्हा एका नव्या दारासमोर बसवायचं? पुन्हा तेच ओरडणं, तेच फरशीवर लोळणं, आणि त्या दुसऱ्या शाळेत फरशीवर बसणारी नोवाकबाई असेलच कशावरून?

मग काय, बाईंनी पदर खोचला. बर्फ वितळून चिखल झालेला, त्यात बूट घालून ही घरोघरी. कुत्री भुंकली, दारं लागली, एका आजोबांनी तर 'माझ्या वेळी आम्ही कोटच घालून शिकलो' म्हणून अर्धा तास ऐकवलं. हिनं ऐकून घेतलं आणि मग पाऊण तास समजावलं. सुशांत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. संध्याकाळी दमून आला की तोच कुकर लावायचा. "तू काय इलेक्शनला उभी आहेस का यार?" म्हणायचा, पण लावायचा.

आपल्या लोकांत मात्र भलतीच गंमत होती. ज्यांची पोरं लार्चवुडमध्ये ते बहुतेक सगळे व्हिसावर, त्यांना मतच नाही. आणि ज्यांना मत आहे ते सिटिझन झालेले आजीआजोबा, त्यांच्यातल्या बहुतेकांची नातवंडं केव्हाच कॉलेजात. असे आजीआजोबा तिच्या घरात दर मंगळवारी आयतेच जमायचे. तिच्या सासूबाईंचं, अहिल्याबाईंचं भजनी मंडळ होतं, खाली बेसमेंटमध्ये चालायचं. पेटीवर मोरेश्वर काका, टाळ घेऊन सुमित्रा मावशी, बाकीचे आपले मिळेल त्या सुरात.

"पद्मिनी, मी तुला मुलीसारखी मानतो," मोरेश्वर काका म्हणाले, "पण घरपट्टी वाढवायला मी हो म्हणणार नाही. आमच्या पोरांची शाळा झाली."

"काका, एकदा ऐकून तरी घ्या."

"तू सांगशील आणि मी ऐकीन, मग मला हो म्हणावं लागेल. त्यापेक्षा ऐकतच नाही."

खरं तर त्यांना पटवलं देवांगनंच. तो दर मंगळवारी जिन्याखालच्या कोपऱ्यात बसायचा. त्या दिवशी काकांनी पेटीचा एक सूर धरून ठेवला, भाता ओढता ओढता काहीतरी शोधत होते, आणि कोपऱ्यातून तोच सूर आला. हं हं हं. काकांनी पट्टी बदलली. देवांगनंही बदलली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे तो शाळेत शिकला?" पद्मिनीनं तोंड उघडलं, पण तिला बोलू न देता तेच म्हणाले, "बरं बरं. कुठे खूण करायची ते दाखव."

बॅलट, म्हणजे मतपत्रिका, पोस्टानं घरी आल्या. मंडळाचे सगळे आपापले लिफाफे घेऊन मंगळवारी हजर. पद्मिनीनं पोहे केले होते. काळ्या पेननंच भरा, वर्तुळ पूर्ण काळं करा, लिफाफ्यावरची सही लायसन्सवर आहे तश्शीच करा, मराठीत नको, हे सगळं तिनं तीनतीनदा सांगितलं. "आणि मी कुणाच्या बॅलटला हात लावणार नाही, कुणी काय भरलं ते बघणारही नाही. कायदा आहे." असं म्हणून ती चहा टाकायला वर स्वयंपाकघरात गेली. अहिल्याबाई मध्येच वर आल्या, देवघराशी काहीतरी खुडबुड केली आणि परत खाली गेल्या. सासूबाई दिवसातून दहादा देवघराशी जायच्या, त्यात बघायचं काय? चहाचा ट्रे घेऊन ती उतरली तोवर लिफाफे चिकटवून झाले होते.

मतदान झालं, आणि बाँड पास झाला. अगदी काठावर, बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी, पण झाला! अहिल्याबाईंनी सकाळी सकाळी शिरा केला. सुशांतनं ऑफिसला जाताना पद्मिनीच्या पाठीत असा धपाटा मारला की हातातला चमचा पडला. मिसेस नोवाकनं फोनवर फक्त "ओ हनी, ओ हनी" एवढंच म्हटलं. देवांगला कुणी काही सांगितलं नाही, कारण त्याच्या जगात काही बदलणारच नव्हतं, आणि तेच तर हवं होतं.

विरोधकांनी फेरमोजणी मागितली. एवढा कमी फरक म्हटल्यावर कुणीही मागेल. मोजणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, एका मोठ्या हॉलमध्ये, हातानं, एकेक बॅलट बघून. टेबलांवर मोजणारे बसलेले आणि त्यांच्यामागे दोन्ही बाजूंची निरीक्षक माणसं उभी. हो-वाल्यांतर्फे पद्मिनी. मोजणीची मुख्य म्हणजे पांढऱ्या आखूड केसांची एक बाई, चष्मा दोरीला टांगलेला. तिनं सकाळीच नियम वाचून दाखवले होते. बॅलटवर डाग पडला असेल, कॉफी, तेल, काहीही, तरी मत धरायचं. पण मतदारानं मुद्दाम खूण केली असेल, जिच्यावरून मत कुणाचं हे ओळखता येईल, तर ते बाद. पद्मिनीनं मान हलवली होती. नियम ऐकताना कोण मान हलवत नाही?

दुपारी जेवणानंतर तिच्या टेबलावर एक बॅलट आलं. 'हो'चं वर्तुळ काळं कुळकुळीत भरलेलं, आणि वरच्या कोपऱ्यात वाळलेला एक लाल ठिपका.

"केचप," मोजणाऱ्या माणसानं जाहीर केलं.

"फ्राइज खाता खाता लोकशाही," शेजारची म्हणाली. हसले सगळे.

पद्मिनीला मात्र ठिपका बघितल्याबरोबर कळलं. सासूबाईंच्या अनामिकेचं टोक लहानपणी दारात सापडून वाकडं झालेलं. त्यांनी लावलेलं कुंकू नेहमी जरा डावीकडे कलतं. नव्या गाडीवर, सुशांतच्या ऑफर लेटरवर, देवांगच्या शाळेच्या दप्तरावर, सगळीकडे तसंच कललेलं. शुभ कामाला कोरा कागद पाठवायचा नाही, ही म्हातारीची रीत. हात पोचेल तिथे कुंकू. पद्मिनीला मनातून इतकं हसू आलं, इतकं बरं वाटलं! म्हणजे चहा होईपर्यंत बाईंनी हा उद्योग केला होता तर.

मग दुसरं आलं, तिसरं आलं. तोच कोपरा, तोच ठिपका. विरोधकांचा वकील येऊन मागे उभा राहिला. तरुण होता, टाय सैल केलेला.

"सगळ्यांवर एकाच जागी?" त्यानं विचारलं.

मुख्य बाईनं बॅलट उजेडात धरलं. "एका घरात, एका टेबलावर बसून भरली असतील. कुणाचातरी हात बरबटलेला असेल. डाग म्हणजे डाग. मोजा."

वकिलानं खांदे उडवले. त्यानं सोडूनच दिलं होतं हो! तो मागे वळलासुद्धा. आणि तेवढ्यात त्या केचपवाल्या माणसाला अजून एक विनोद सुचला. "की कुणाचं नाक फुटलं म्हणायचं?" तो म्हणाला आणि बॅलटचा कोपरा दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड वाकडं करून, ते पुढे सरकवलं.

ते बघून पद्मिनीच्या कानशिलांत काहीतरी तापलं. केचप म्हणाला, ठीक आहे. पण घाण उचलावी तसं त्यानं ते उचललं. अहिल्याबाई आंघोळ केल्याशिवाय कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाहीत.

"एक्सक्यूज मी," पद्मिनी म्हणाली.

मुख्य बाईनं वर बघितलं. चष्म्यावरून एक क्षण तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅम, काही बोलायची गरज नाहीये. आम्ही मोजतोय." किती स्पष्ट सांगितलं त्या बाईनं! याहून स्पष्ट तिला सांगताही आलं नसतं. पण पद्मिनीला वाटलं, आपल्याला गप्प करताहेत.

"नो, आय वॉन्ट टू एक्सप्लेन," ती म्हणाली, आणि तिनं समजावलं. फार सुंदर समजावलं. इंटरनॅशनल नाइटचा तिचा आवाज लागला. याला कुंकू म्हणतात, हे हळदीपासून करतात, आम्ही हे देवाला लावतो, बायका कपाळाला लावतात, आणि कुठलंही महत्त्वाचं काम सुरू करताना त्या वस्तूला लावतो. माझ्या सासूबाईंनी हे लावलंय, कारण ही शाळा त्यांना देवाच्या कामाइतकी महत्त्वाची वाटली. केचप नाहीये. रक्त नाहीये. हा आशीर्वाद आहे.

केचपवाला लाजला, खरोखर लाजला, 'सॉरी' म्हणाला. पद्मिनीचं मन भरून आलं. बघा, नीट सांगितलं की समजतं माणसांना.

मुख्य बाईनं डोळे मिटले होते.

वकील परत आला. बोलला अगदी अदबीनं. "थँक यू, मॅम. फार छान सांगितलंत. म्हणजे हे चुकून लागलेलं नाही?"

"चुकून कसं लागेल? मुद्दाम लावलंय. श्रद्धेनं."

"आणि हे ज्यांच्या बॅलटवर लावलंय ती माणसं कोण, हे तुम्हाला माहीत आहे?"

"अर्थात! आमचंच भजनी मंडळ आहे."

शब्द तोंडातून गेले आणि सकाळचा नियम तिला आठवला. मुद्दाम केलेली खूण, जिच्यावरून मत कुणाचं ते ओळखता येईल. तिनं जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग? "नो, वेट," ती म्हणाली, "वेट, मला तसं म्हणायचं नव्हतं," आणि पुन्हा समजावायला लागली, आणि जितकं समजावलं तितकं जास्तच बाद होत गेलं. शेवटी हो-वाल्यांच्याच एका बाईनं तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं. तिच्या डोळ्यांदेखत लाल ठिपक्याचं एकेक बॅलट हो-च्या गठ्ठ्यातून निघून बाजूच्या खोक्यात गेलं. मोरेश्वर काकांचं गेलं, सुमित्रा मावशींचं गेलं, अहिल्याबाईंचं गेलं. संध्याकाळच्या आत बाँड पडला.

घरी येताना तिला पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला काही होत नाहीये. स्टीअरिंग धरलेले हात दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे दिसत होते. सिग्नल लाल झाला, थांबली. हिरवा झाला, निघाली.

सुशांतनं सगळं ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "तू उठलीस कशाला पण?" म्हणाला आणि लगेच त्याला पश्चात्ताप झाला, तिच्या डोक्यावर हात ठेवायला आला. तिनं ठेवू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेश्वर काकांचा फोन आला. "पद्मिनी, आमचं नागरिकत्व नाही ना काढून घेणार? हिला रात्रभर झोप नाही." एरवी तिनं काकांना घटनेपासून समजावलं असतं. "नाही काका," म्हणाली आणि फोन ठेवला.

सासूबाईंना सांगणं भाग होतं, नाहीतर मंडळातून कळलंच असतं. अहिल्याबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. पद्मिनीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, कुठे काही लपवलं नाही. म्हातारीच्या हातातली सुरी थांबली.

"माझ्या हातानं झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"नाही आई. ते तर डाग म्हणून मोजणारच होते. मी बोलले म्हणून गेलं."

अहिल्याबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मग तू गप्प का नाही बसलीस गं?"

'तुमच्या कुंकवाला ते केचप म्हणाले म्हणून' असं म्हणता आलं असतं. पण ते म्हणून म्हातारीच्या डोक्यावर उरलेलं ओझंही कशाला ठेवायचं? तिनं दुसरी सुरी घेतली आणि समोर बसून लसूण सोलायला लागली. दोघींनी सगळा गड्डा सोलून संपवला.

जूनमध्ये लार्चवुडला कुलूप लागलं. मिसेस नोवाक निवृत्त झाली. जाताना देवांगच्या शेजारी नेहमीसारखी फरशीवर बसली आणि उठताना पद्मिनीनं तिला हात दिला. नोवाकबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पद्मिनी तिला टिश्यू देत राहिली. मनात म्हणत होती, मलाही असंच व्हायला हवंय, का होत नाही?

उन्हाळा गेला. देवांगची नवी शाळा पंधरा मैलांवर, चकचकीत. छत गळत नाही, दिव्यांचा आवाज येत नाही, जमिनीवर मऊ कार्पेट. शिक्षिका मिस केली म्हणून तरुण, हसतमुख मुलगी. "मला देवांगबद्दल सगळं सांगा," ती म्हणाली आणि पेन घेऊन बसली. असं विचारणारं माणूस भेटायला पद्मिनीनं एकेकाळी नवस केला असता. ती म्हणाली, "फाइलमध्ये आहे."

पहिल्या दिवशी ती पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहिली, फोन मांडीवर. आता ओरडेल, आता बोलावतील. बोलावलं नाही. दुपारी देवांग बाहेर आला तो मदतनीस बाईचा हात धरून, पाठीवर दप्तर, शर्ट नीट. "ही वॉज अ स्टार!" बाई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच, त्या आठवड्यात तेच, पुढच्याही आठवड्यात तेच. सुशांत तर म्हणाला, "बघ, आपण उगाच टेन्शन घेतलं. मोठा झाला यार तो." म्हणताना मात्र त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

कारण घरात दोघांनाही दिसत होतं. देवांग गुणगुणत नव्हता. मंगळवारी पेटी वाजली तरी कोपऱ्यात येत नव्हता. आवडता भात समोर ठेवला की खायचा, उचलला तर उचलू द्यायचा. दुकानात त्या दिव्यांखाली उभा राहायचा, हात खाली सोडून, कान उघडे टाकून. लोक वळून बघत नव्हते. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि पद्मिनीला ते बघताना ओळख पटत होती. अशीच तर ती स्वतः उभी असायची, डिशवॉशरसमोर.

ऑक्टोबरात पालकसभा झाली. मिस केली खुर्चीत पुढे सरकून म्हणाली, "खरं सांगू? माझ्या वर्गात सगळ्यात सोपा मुलगा तुमचा. काही त्रास नाही, काही आवाज नाही. सांगू तिथे बसतो. इतर आईवडिलांना मी त्याचं उदाहरण देते."

इथे बोलायला हवं होतं. ही शांतता बरी नाही, त्यानं दार लावून घेतलंय, आतून लावून घेतलंय, हे त्या पोरीला सांगायला हवं होतं. ती चांगली मुलगी होती, तिनं लिहून घेतलं असतं. पद्मिनीनं तोंड उघडलं. आपण बोललो की काहीतरी जातं, एवढंच तिच्या अंगात भिनलं होतं.

"थँक यू," ती म्हणाली.

परत येताना देवांग मागच्या सीटवर, सरळ बसलेला, हात मांडीवर. मेपलची पानं रस्ताभर पडलेली. पाऊण रस्ता झाल्यावर पद्मिनीनं एकाएकी गाडी बाजूला घेतली, एका बंद दुकानासमोर, आणि इंजिन बंद केलं. मागे वळली.

"देवांग."

तो समोर बघत होता.

"देवांग, ओरड."

तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. तिनं बेल्ट काढला, दोन सीटांमधून अंग घुसवून मागे गेली आणि त्याचे दोन्ही हात धरले. हात गार होते. ओढले तिकडे आले.

"ओरड ना रे राजा. मी कुणाला काही सांगणार नाही. लोळ, मार मला, चाव. मला काही म्हणायचं नाही. फक्त एकदा ओरड."

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हं हं हं करून बघितलं. सूर काही लागला नाही. आणि कित्येक महिन्यांनी, कुणी न सांगता, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना, त्याच्या शर्टावर पडायला लागलं.

देवांगनं ओल्या शर्टाकडे बघितलं नाही. तिनं धरलेले हात त्यानं तसेच राहू दिले आणि समोरच्या काचेतून बघत राहिला, अगदी शांत, कुणालाही काही त्रास न देता.